अंबुजाच्या नावाची पेडलं

दुकानात येणाऱ्या दहांपैकी सात जणांचा प्रश्न एकच असायचा. अक्का, हे स्वस्तातलं पेडल घेतलं तर चालेल का? अंबुजाला त्या प्रश्नाचा राग येत नसे. तो विचारताना माणसं आवाज बारीक करतात, इकडेतिकडे बघतात, त्याचा यायचा. अठराशे रुपये काय झाडाला लागतात? ते देताना ओशाळायचं कशाला? ती हातातलं काम न सोडता सांगायची, "आवाजाला काही धाड भरलेली नाही. महागाच्या पोटात जे भाग असतात तेच ह्याच्याही पोटात आहेत. बटण आणि वायर खुपसायची सॉकेटं तेवढी कच्ची. पाय हलका असेल तर खुशाल घे. जड असेल तरी घे, बिघडलं की माझ्याकडे आण, सॉकेट बदलून देते."

पेडल म्हणजे गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी असते ती मुठीएवढी डबी. गिटारची वायर तिच्यातून पुढे जाते, पायाने बटण दाबलं की आवाज पालटतो. कधी खरखरीत होतो, कधी विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. अंबुजाला गिटार वाजवता येत नव्हती, शिकावंसं कधी वाटलंही नव्हतं. तिला त्या डब्या उघडायला आवडायचं.

चंद्रमौळी म्युझिक हाउस हे चेन्नईत तिरुवल्लिकेणीतलं दुकान, वालाजा रोडवरून आत वळलं की तिसरं. पुढे काचेची कपाटं, गिटारी, कीबोर्ड. मागे कमरेएवढ्या फळीच्या आडोशाला अंबुजाचं दुरुस्तीचं टेबल. सत्तेचाळीस वर्षांची बाई, केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. हे काम तिच्या हाती अप्पांकडून आलं होतं. अप्पा म्हणजे वेंकोबा, तंजावरहून चेन्नईला आलेले. लग्नामुंजीत गाणाऱ्या वाद्यवृंदांचे अ‍ॅम्प्लिफायर ते घरीच दुरुस्त करायचे आणि अंबुजा शेजारी बसून टॉर्च धरायची. पुढे तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, गिंडीच्या कारखान्यात नऊ वर्षं टेलिफोनच्या सर्किटच्या पट्ट्या जोडल्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा दुकानाचा मालक बालाजीराव ह्याने तिला इथे बोलावलं. त्याचे वडील आणि अप्पा तंजावरच्या एकाच मराठी गल्लीतले. तिला इथे आता बारा वर्षं झाली होती.

बालाजीराव दुकानात सगळ्यांशी तमिळच बोलायचा, अंबुजाशीसुद्धा. मराठीत बोलू लागला की ती हातातलं काम खाली ठेवायची, कारण काहीतरी मागणं येणार हे ठरलेलं. तशी वेळ फार येत नसे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मात्र तो स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसला आणि मराठीत म्हणाला, "अंबुजा, ही तू केलेली डबी आपण विकू की."

ती डबी अंबुजाने घरी, जेवणाच्या टेबलावर, दोन वर्षं रविवार-रविवार बसून बनवली होती. त्यातला आवाजाचा मार्ग काही नवा नव्हता, चाळीस वर्षं सगळे वापरतात तोच. नवं होतं ते तिच्या वैतागातून आलेलं. स्वस्त पेडलात सॉकेट थेट आतल्या सर्किटच्या पट्टीवर डकवलेलं असतं. वायर ओढली, पाय आपटला की धक्का पट्टीला बसतो, सोल्डरचा डाक तडकतो आणि पेडल मुकं होतं. तीच ती दुरुस्ती करून तिचे हात आंबले होते. म्हणून तिने सॉकेट आणि बटण लोखंडी डबीलाच पक्कं आवळलं आणि तिथून पट्टीपर्यंत बारीक वायरी नेल्या. आता वाजवणाऱ्याने वरून उडी मारली तरी धक्का लोखंडाला बसणार होता.

"तुझ्या नावानं विकू," बालाजीराव म्हणाला. "झाकणावर तुझं नाव. अंबुजा. लोकांना हाताने केलेलं पाहिजे असतं."

तिने पाच आठवड्यांत बारा पेडलं केली. प्रत्येकाच्या झाकणाच्या आतून खिळ्याने आकडा कोरला, एक ते बारा. बालाजीरावाने झाकणावर तिचं नाव तिरक्या इंग्रजी अक्षरांत छापून घेतलं, सोल्डरिंग आयर्न धरून बसलेला तिचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. 'चेन्नईत, एका बाईच्या हातांनी.' किंमत साडेसात हजार. पंधरा दिवसांत बाराच्या बारा गेली. तो फोटो तिने नवऱ्याला, काशिनाथला, तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्याने चष्मा न लावताच "छान आहे" म्हटलं, तरी तिला राग आला नाही.

ऑगस्टमध्ये खोकी आली.

त्यांत करड्या रंगाची, बिननावाची दोनशे पेडलं होती. अंबुजाने एक उघडलं आणि तिला ते लगेच ओळखू आलं. पुढच्या कपाटात अठराशेला मिळायचं तेच हे. तीच पट्टी, तीच पट्टीवर डकवलेली सॉकेटं.

"मागणी आहे आणि तुझे दोन हात पुरत नाहीत," बालाजीराव मराठीत म्हणाला. "रंग आणि नाव मी बाहेरून करून आणतो. तू आत काळं ओत आणि झाकणावर सही कर, बास."

काळं म्हणजे इपॉक्सी, दोन बाटल्यांतलं मिसळून ओतलं की तासाभरात दगड होतो. आपली युक्ती कुणी उचलू नये म्हणून काही पेडलवाले ते पट्टीवर ओततात. इथे ते ओतायचं होतं कारण आत युक्ती नव्हतीच.

"निदान सॉकेटं तरी बदलू द्या," ती म्हणाली.

"एकेकाला तास जाईल. परवाल्ले, असू दे की."

आणि अंबुजाने काळं ओतलं. एक दिवस नाही, चार महिने. रोज एक-दोन पेडलं उघडायची, ओतायची, वाळली की पांढऱ्या पेनाने सही करायची. का केलं ह्याचं धड उत्तर तिला नंतरही देता आलं नाही. कुणी गळ्यावर सुरी धरली नव्हती. बसस्टॉपवर एका मुलीने "तुम्हीच ना त्या पेडलवाल्या?" असं विचारलं होतं, आणि ते ऐकायची चटक लागली होती, एवढंच तिला स्वतःशी कबूल करता आलं. तेही पुढे, सगळं होऊन गेल्यावर.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी जननी दुकानात आली. चोवीस वर्षांची मुलगी, सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागून वर्ष व्हायचं होतं. तिने दप्तरातून पेडल काढून काउंटरवर ठेवलं. गर्द निळा रंग, वर तिरक्या अक्षरांत अंबुजा.

"काल बंद पडलं," ती तमिळमध्ये म्हणाली. "बेसंट नगरला आमचा पहिला कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्यात आवाजच गेला. आम्ही तिघी वेड्यासारख्या वायरी हलवत उभ्या. आमची वेळ संपली म्हणून त्यांनी पुढच्यांना बोलावलं. माझे आईवडील समोर बसले होते."

बालाजीरावाने पेडल हातात घेतलं, उलटं केलं. "पाय जोरात मारला असशील."

"पायाने दाबायचीच वस्तू आहे ना ही?"

"दाबायची आहे, मारायची नाही. हे वॉरंटीत बसत नाही, अम्मा. हाताने केलेलं नाजूक काम असतं." मग त्याने मागे वळून बोट दाखवलं. "करणाऱ्या बसल्यात ना समोर. त्यांनाच विचार."

जननी फळीशी आली. तिने अंबुजाला फोटोवरून ओळखलं, चेहरा जरा सैलावला. "अक्का, तुम्हीच बघा. मी खरंच जोरात दाबलं नव्हतं."

अंबुजाने पेडल घेतलं, वायर लावली, सॉकेट दोन बोटांत धरून हलवलं. खर्र झालं आणि थांबलं. डाक तडकला होता, पट्टीवरचा. पाय जोरात पडलेला असो की नसो, हे आज ना उद्या होणारच होतं.

काउंटरवरून बालाजीरावाचा आवाज आला, मराठीत, अगदी गोड. "सांग की तिला. तुझा पाय जड पडला म्हण. पोरगी ऐकेल तुझं."

अंबुजा काही बोलायच्या आत जननीनेच मान वळवली. तिने शब्द जुळवत, अडखळत, मराठीतच म्हटलं, "मला कळतं. माझी आजी तंजावरची."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, एक कीबोर्ड वाजवून बघत होतं.

त्या वेळी आपल्याला कसला राग आला हे अंबुजाने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. मुलीला फसवल्याचा होताच. पण त्याहून जास्त राग आला तो बालाजीरावाच्या त्या सहज सुराचा. अंबुजा खोटं बोलेल ह्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. चार महिने ती रोज सही करत होती. शंका यावी तरी कशी?

तिने स्क्रू काढले, गरम हवा फेकणारी हीट गन सुरू केली आणि पेडलच्या पोटात धरली.

"अंबुजा, काय करतेस?" बालाजीराव पुढे आला.

काळं मऊ व्हायला वेळ लागतो. जळक्या प्लास्टिकसारखा वास सुटला, कीबोर्डवाला वाजवायचा थांबला. ती चिमट्याने काळ्याचे तुकडे उपटत राहिली. बोट भाजलं तरी थांबली नाही. पट्टी दिसू लागली तशी तिने ती जननीपुढे सरकवली. मग उठून कपाटातलं अठराशेचं करडं पेडल आणलं, तेही उघडलं आणि शेजारी ठेवलं.

"वाच," ती तमिळमध्ये म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पट्टीवर आकडे आहेत. दोन्हीकडचे वाच."

जननीने वाचले. दोन्हीकडे एकच.

"रंग तेवढा वेगळा. हे मी केलेलं नाही. मी फक्त काळं ओतलंय आणि सही केलीय."

"अंबुजा," बालाजीराव दबक्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक आहेत."

"असू देत."

जननी दोन्ही पेडलांकडे बघत राहिली. अंबुजाला वाटलं होतं, मुलगी आता मालकावर तुटून पडेल. पण ती वळली ती अंबुजाकडेच. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"किती दिवस?"

"चार महिने."

"मी दोन महिने पैसे बाजूला टाकले ह्याच्यासाठी. दुकानात हे करडंही होतं, मला परवडलं असतं. पण मला वाटलं, एक बाई हाताने करते, तर तिचंच घ्यावं. अख्ख्या बाजारात बाई कुठे दिसते?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "तुमचा फोटो माझ्या फोनवर आहे, अक्का."

अंबुजा म्हणाली, "मी ह्याची सॉकेटं बदलून देते. पक्कं करून देते."

"नको."

बालाजीरावाने गल्ला उघडला आणि मुकाट्याने पैसे परत दिले, दुकानातली शोभा आवरावी म्हणून. जननीने ते घेतले, उघडं पेडल टेबलावर तसंच टाकलं आणि निघून गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही.

गिऱ्हाईक पांगल्यावर बालाजीरावाने अंबुजाला मागच्या खोलीत बोलावलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तूच सगळ्यांना सांगतेस ना, आवाज तोच असतो?" तो म्हणाला. "मग मी फसवलं कुठे? आवाज तोच मिळतो."

"आवाज तोच आहे तर अठराशेला द्या."

"अठराशेला घेणारा लाजत घेतो. साडेसात हजारांना घेणारा चार जणांत मिरवतो. मी मिरवण्याचे पैसे घेतो. त्यात वाईट काय?"

"मग तुमच्या नावाने मिरवू द्या त्याला. माझं नाव काढा."

"आता कसं निघेल? नाव दुकानाच्या नावे नोंदवलंय. डब्या छापून तयार आहेत. आणि तुझं नाव कोण ओळखत होतं गं, मी छापायच्या आधी?"

बारा वर्षांत त्या दुकानातून तिच्या हातचं किती काय नीट होऊन गेलं होतं. किती जणांच्या कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी जेवायचं सोडून, तिने अ‍ॅम्प्लिफायर उभे केले होते. ती सगळी माणसं तिला नावाने हाक मारायची. पण ह्याच्या लेखी ते नाव त्याने छापलं त्या दिवशी जन्माला आलं होतं.

घरी काशिनाथने सगळं ऐकून घेतलं. तो बँकेतला माणूस, शांत. ताटातली भाजी संपवून तो म्हणाला, "चूक त्याची आहे. पण बाहेर तुझं नाव झालंय, ते असू दे की. नोकरी आहे, घराजवळ आहे."

"माझं नाव खोट्या डबीवर आहे."

"डबी खोटी कुठे? वाजते ना?"

तिने पाण्याचा तांब्या इतक्या जोरात ठेवला की पाणी त्याच्या ताटात उडालं. काशिनाथने रुमालाने चष्मा पुसला. त्या घरात त्या रात्री कुणी टीव्ही लावला नाही.

रविवारी ती मैलापूरला राजसबाईंकडे गेली. राजसबाई म्हणजे बालाजीरावाची आई, ऐंशीच्या घरातली. मुलगा जगात कुणाचं ऐकत असेल तर हिचं. तिला हिंदोळ्यावर बसायची सवय. तिने अंबुजाला समोर चटईवर बसवलं, कॉफी दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि सगळं ऐकलं.

"अंबुजा हे काय तुझं एकटीचं नाव आहे, बाळ?" ती म्हणाली. "ते लक्ष्मीचं नाव. दुकानाला लक्ष्मीचं नाव दिलं तर तुला कशाला वाईट वाटावं? शुभच आहे."

"खाली माझा फोटो आहे, मावशी. लक्ष्मीच्या हातात सोल्डरिंग आयर्न नसतं."

राजसबाईंचा हिंदोळा थांबला. "तोंड वाढलंय तुझं. तुझे अप्पा गावाहून आले तेव्हा आमच्या घरी जेवले. महिनाभर. विसरू नये."

"जेवले आणि त्या महिन्यात तुमच्या दुकानातले सगळे रेडिओ दुरुस्त केले. ते मी विसरले नाही. तुम्ही विसरलात." अंबुजा उठली. कॉफी अर्धी राहिली होती. ती प्यायची नाही हे तिने ठरवलं आणि पेला तसाच ठेवून जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. त्याचाही तिला संताप आला. तिने पदराने तोंड खसाखसा पुसलं आणि बसची वाट न बघता तिरुवल्लिकेणीतल्या घरापर्यंत चालत गेली.

सोमवारी सकाळी तिने दुकानात जाऊन स्वतःचं सामान भरलं. अप्पांचा चिमटा, दोन सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रूंचे डबे. बालाजीराव बघत होता.

"आठ दिवसांनी येशील परत," तो म्हणाला.

"आत्ता माझ्या सह्यांची किती उरली आहेत?"

"ते तुला कशाला?"

"मी काळं ओतलेली एकशे साठ आहेत. मी मोजलीत. विकलेली किती, एवढंच सांगा."

तो गल्ल्याशी जाऊन चिल्लर मोजू लागला.

त्याच आठवड्यात, दुपारी काशिनाथ बँकेत गेल्यावर, अंबुजाने फोन बरणीच्या आधाराने जेवणाच्या टेबलावर उभा केला. समोर तीन पेडलं मांडली. एक तिने स्वतःसाठी ठेवलेलं पहिलं, ज्याच्यावर आकडा नव्हता. एक अठराशेचं करडं. एक जननीने टाकून दिलेलं निळं. तिने बोलायचं काही लिहून काढलं नव्हतं. तमिळमध्ये, दुकानात बोलायची तशीच, ती पंधरा मिनिटं बोलली. तिन्ही उघडून दाखवली. करड्याबद्दल म्हणाली, हे स्वस्त आहे आणि घेण्यासारखं आहे. ह्याचा आवाज चांगला आहे, लाजू नका. ह्याचा चार्जर मात्र फेकून द्या, गुणगुणतो. सॉकेट तडकलं तर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे न्या, मोठं काम नाही. निळ्याबद्दल म्हणाली, हे आणि ते एकच, हे घेऊ नका. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "ह्याच्यावर माझं नाव आहे. आत काळं मी ओतलंय. मला माहीत होतं, तरी ओतलं. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी माझ्याकडे आणा. मी सॉकेटं आणि बटण बदलून देईन. पैसे घेणार नाही."

त्या व्हिडिओला भरघोस प्रतिसाद वगैरे काही आला नाही. काही हजार लोकांनी पाहिला, पण ते नेमके गिटारवाले होते. पहिल्या दिवशी आलेल्या शेऱ्यांत अर्ध्या शिव्या होत्या. पकडली गेली म्हणून बोलतेय. मालकाशी बिनसलं म्हणून आता सती सावित्री झाली. एकाने लिहिलं, बाईच्या नावाला भुललो, पुन्हा नाही. हे तिने सगळ्यांत जास्त वेळा वाचलं. त्याला उत्तर द्यावं म्हणून चारदा लिहिलं, चारदा पुसलं.

बालाजीरावाच्या वकिलाचं पत्र आलं. ते काशिनाथने वाचलं. वाचता वाचता त्या शांत माणसाचा कान लाल होताना अंबुजाने पाहिला. "हे म्हणतात, तू तुझं नाव धंद्यासाठी वापरायचं नाही," तो म्हणाला. "तुझं स्वतःचं नाव." त्याने पत्राची घडी केली, बँकेतल्या ओळखीच्या वकिलाकडे गेला आणि उत्तर धाडून आला. पुढे तिकडून काही आलं नाही. महिन्याभरात बालाजीरावाने झाकणावरचं नाव बदललं, उरलेल्या डब्यांवर हिरवा रंग चढवून 'मरीना' लिहिलं. किंमत तीच ठेवली. ती पेडलं चांगली खपतात. त्यांच्यावर कौतुकाचे दोन-तीन व्हिडिओसुद्धा निघाले आहेत, त्यात एक जण डोळे मिटून म्हणतो की ह्या आवाजात समुद्राची खोली आहे. अंबुजाने तो पाहिला तेव्हा फोन गादीवर भिरकावला.

आता ती रिची स्ट्रीटवर बसते. मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाचा कोपरा तिने भाड्याने घेतला आहे, एक टेबल आणि एक स्टूल मावेल एवढा. तिच्या नावाची पेडलं अधूनमधून येतात. लोक पिशवीतून काढतात आणि पुष्कळदा आधी चार शब्द सुनावतात. ती ऐकून घेते. सगळेच ऐकून घेत नाही. एकाने तिच्या बापावरून काही म्हटलं तेव्हा तिने त्याचं पेडल त्याच्याकडे परत ढकललं आणि नीट बोलायचं असेल तर उद्या ये म्हणाली. तो दुसऱ्या दिवशी आला. आत्तापर्यंत एकेचाळीस पेडलं झाली आहेत. बाकीची कुठे आहेत, कुणाच्या पायाखाली, कुठल्या कार्यक्रमात मुकी होणार आहेत, हे तिला कधी कळणार नाही, आणि ह्या विचाराने तिची झोप अजून उडते.

तिसऱ्या महिन्यात जननी आली. तिच्या हातात करडं पेडल होतं, अठराशेचं.

"व्हिडिओ पाहिला," ती म्हणाली. "सॉकेट बदलून हवंय. पैसे घ्यायचे."

"घेते," अंबुजा म्हणाली.

तास लागला. जननी स्टुलावर बसून फोन बघत होती. वायरी डबीपासून पट्टीपर्यंत कशा नेल्या हे अंबुजाने तिला दाखवलं, तेवढ्यापुरतं ती वाकून पाहत होती. मग तिने पैसे दिले, पेडल दप्तरात टाकलं. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. दाराशी पोचल्यावर जननी म्हणाली, "पंधरा तारखेला आमचा कार्यक्रम आहे," आणि उत्तराची वाट न बघता गर्दीत शिरली. कुठे आहे, हे तिने सांगितलं नाही. अंबुजानेही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना बसस्टॉपवरून सरळ जाणारा जवळचा रस्ता आहे. ती मुद्दाम वालाजा रोडवरून जाते. चंद्रमौळीच्या काचेसमोर उभी राहते आणि हिरवी पेडलं ओळीत किती मांडली आहेत ते बघते. आतला विक्रेता आधी मान वळवायचा, आता तो कपाटामागे जातो. एकदा बालाजीराव बाहेर आला. गिऱ्हाईक आत येत होतं, त्याला वाट करून देत तो तिला म्हणाला, "रस्त्यात उभी राहू नकोस."

"रस्ता तुमच्या नावावर नोंदवलेला नाही," अंबुजा म्हणाली, आणि आणखी पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.